दोन इंचांची झोप

रात्रीचे पावणेदहा. महालक्ष्मी असो, विदर्भ असो नाहीतर नंदीग्राम. कुठल्याही स्लीपर डब्यात या वेळी एक मूक युद्ध सुरू असतं. मिडल बर्थवाल्याचे डोळे मिटायला लागलेले असतात, लोअरवाल्या काकांचा पोळीभाजीचा डबा अजून उघडाच असतो, आणि अप्परवाला कधीच वर जाऊन वेब सिरीजच्या तिसऱ्या एपिसोडला पोहोचलेला असतो. कोणी काही बोलत नाही. मिडलवाला एकदा साखळीकडे बघतो, एकदा काकांकडे. शेवटी धीर करून विचारतो, "काका, टाकू का बर्थ?"

या प्रश्नावरून इतकी भांडणं झाली की २०१७ मध्ये रेल्वेला वेळ नव्याने ठरवून द्यावी लागली. आधी झोपायची वेळ रात्री ९ ते सकाळी ६ होती, ती १० ते ६ झाली. आजारी, दिव्यांग प्रवासी आणि गरोदर स्त्रियांना तेवढं समजून घ्या, असंही त्यात सांगितलं होतं. नियम बरोबरच आहे. पण गंमत अशी, की फळी तीच, साखळी तीच, उंचीही तीच. भांडण लाकूड-लोखंडाचं होतं आणि उत्तर घड्याळाने दिलं.

झोपेच्या डिझाइनबद्दल बोलायचं तर सुरुवात मिडल बर्थपासूनच करायला हवी. एका अर्थी ही फारच हुशार वस्तू आहे. दिवसा पाठ टेकायची फळी, रात्री पलंग. एकाच वस्तूकडून दोन कामं करून घ्यायची, हे आपल्या वन रूम किचनवाल्यांना वेगळं शिकवायला नको. घोटाळा एवढाच, की माणसं एकाच मिनिटाला दिवसातून रात्रीत जात नाहीत. आणि फळी एकदा पडली की खालचा माणूस धड बसू शकत नाही, मधला तर नाहीच नाही. सीटपासून डोक्यापर्यंत ताठ बसलेल्या माणसाला साधारण पावणेतीन फूट लागतात. तेवढी उंची मधल्या मजल्यावर नाही. म्हणून मिडलवाला पाणी पिताना कोपरावर उठतो, मान वाकडी करतो आणि अर्धं पाणी टीशर्टवर सांडतो.

भारतीय माणसाची उंची, खांदे, गुडघे, हाताची पोच ही मापं कोणी घेतली आहेत का? घेतली आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, म्हणजे एनआयडीने, १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक छापलं. डिझाइन शिकणारी मुलंमुली आजही खुर्चीपासून ओट्यापर्यंत काहीही आखताना त्या तक्त्यांकडे जातात. मापांची माहिती नाही, असं म्हणायची सोय नाही. अडचण बेरजेची आहे.

ती बेरीज अशी. जुन्या निळ्या आयसीएफ स्लीपर डब्यात आठ बर्थचा एक कप्पा, असे नऊ कप्पे, एकूण ७२ बर्थ. नवा एलएचबी डबा लांबीला जास्त, त्यात दहा कप्पे, ८० बर्थ. (आठच्या पाढ्यातला नंबर आला की साइड अप्पर, हे ज्याला पाठ नाही त्याने रात्रीचा प्रवास केलेलाच नाही.) या साइड बर्थची चैन आपल्याला मिळाली ती ब्रॉडगेजमुळे. आपला डबा सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद असतो, युरोपातला २.८ मीटरच्या. त्यामुळे आपल्याकडे आडवा बर्थ, मग जायची वाट आणि पलीकडे भिंतीला लागून आणखी एक बर्थ असं तिन्ही बसतं. त्याची किंमत उंच मुलं मोजतात. आडवा बर्थ वाटेपाशी संपतो, पाय मात्र संपत नाहीत, आणि रात्रभर येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या पायांना धडकून "सॉरी" म्हणतो.

मग कोणाच्या तरी मनात आलं, की साइडला दोन आहेत तर तीन का नकोत? २००६ मध्ये सुरू झालेल्या गरीब रथच्या एसी डब्यांत साइड मिडल आला. पुढे तो इतर गाड्यांच्या काही डब्यांतही बसवला गेला. ज्यांनी त्यावर रात्र काढली आहे त्यांना ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या शर्टाचं दुःख कळतं. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की दोन-तीन वर्षांतच इतर डब्यांतून तो काढून टाकावा लागला.

याच्या उलट उदाहरण थ्री टायर इकॉनॉमीचं. २०२१ मध्ये आलेल्या या डब्यात ७२ ऐवजी ८३ बर्थ होते. हे वाढीव अकरा कुठून आले? रेल्वेच्या म्हणण्यानुसार डब्याच्या आत जागा अडवून बसलेलं विजेच्या स्विचगिअरचं कपाट डब्याच्या पोटाखाली हलवलं, त्यातून. आता यातली खरी मजा पुढे आहे. सुरुवातीला या डब्यात चादर-उशी मिळत नव्हती. २०२२ मध्ये ती द्यायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं, की गठ्ठे ठेवायला जागाच नाही! शेवटी तीन बर्थ चादरींना दिले आणि प्रवाशांचे ८० उरले. प्रॉडक्ट डिझाइनच्या वर्गात हा किस्सा पहिल्या तासाला सांगायला हवा. झोपणारा माणूस मोजला, त्याचं पांघरूण मोजायचं राहिलं.

आता त्या दोन इंचांकडे येऊ. आज स्लीपरच्या निळ्या रेक्झिनला आपण नावं ठेवतो. उन्हाळ्यात पाठीला चिकटतं, कुठे फाटलेलं असतं, कुठे कोणीतरी बाण मारलेला बदाम कोरून ठेवलेला असतो. पण १९७७ पर्यंत दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला त्या रेक्झिनखालचं फोमसुद्धा नव्हतं. नुसती लाकडी फळी. घरातली मोठी माणसं होल्डॉल घेऊन प्रवास करायची ती हौस म्हणून नाही. गुंडाळलेली गादी सोबत नेली नाही तर मुंबई-नागपूर हाडांनी मोजावं लागायचं. आजीआजोबांना विचारा, ते होल्डॉलच्या पट्ट्यांची आठवण अजून काढतील.

त्या वर्षी जनता पक्षाचं सरकार आलं आणि रेल्वेमंत्री झाले प्रा. मधु दंडवते. मूळचे नगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजमध्ये पदार्थविज्ञान शिकवणारे, राजापूरमधून निवडून गेलेले. कोकण रेल्वेमुळे आपण त्यांना ओळखतो. पण रोज रात्री देशभरात लाखो पाठींना स्पर्श करणारं त्यांचं काम वेगळंच आहे: दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंचांचं फोम. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. गाडीत पहिला वर्ग नव्हताच, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे, आणि बर्थला गादी. त्यांची भूमिका अशी होती, की पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर न्यायचं. पुढची दहाएक वर्षं हे फोम एकेका गाडीत पोहोचत गेलं.

दोन इंच म्हणजे किती? तुमच्या हाताच्या दोन पेरांएवढे. त्यात ना काही हायटेक होतं, ना ते परदेशातून आणलेलं. त्या काळी कुठल्याही बऱ्या सोफ्यात याहून जाड फोम असे. नवी गोष्ट एकच होती: सगळ्यात स्वस्त आरक्षित तिकीट काढणाऱ्याच्या पाठीचाही विचार करायचा, हा निर्णय. आरामाच्या डिझाइनमध्ये महागडी, चकचकीत कल्पना सुचणं मला तुलनेने सोपं वाटतं. अवघड आहे ती हजारो डब्यांत लावता येईल, रोज धुता-पुसता येईल, फाटली तर कुठल्याही यार्डात शिवता येईल आणि तिकिटाचा भाव वाढवणार नाही अशी कल्पना.

म्हणून बाहेरच्या गाड्या बघतानाही मी हीच फूटपट्टी लावते. ऑस्ट्रियाच्या नाइटजेट गाड्यांमध्ये डिसेंबर २०२३ पासून 'मिनी केबिन' आल्या आहेत. एकट्याने फिरणाऱ्यांसाठी लाकडी खोक्यासारखी खोली, आतून बंद होणारं दार, कमीजास्त करता येणारा दिवा, बूट आणि बॅग ठेवायला कार्डाने उघडणारा लॉकर. इन्स्टाग्रामवर तुम्ही रील बघितलं असेलच. सुंदर आहे, पण आपल्या गर्दीला आणि आपल्या खिशाला ते झेपेल असं वाटत नाही.

मला त्याहून शिकण्यासारखी वाटते ती जपानची सनराइज एक्स्प्रेस. १९९८ पासून धावणारी ही गाडी. तिचं इंटिरिअर करताना रेल्वेने मिसावा होम्स नावाच्या घरं बांधणाऱ्या कंपनीला सोबत घेतलं होतं. तिच्यात खासगी खोल्या आहेत, पण सगळ्यात स्वस्त सोय आहे 'नोबिनोबी'. म्हणजे काय, तर दोन मजल्यांवर कार्पेट घातलेली सपाट जमीन. गादी नाही, दार नाही. झोपायचं जवळपास जमिनीवरच, शेजाऱ्याला खेटून. तांत्रिकदृष्ट्या ती 'सीट' असल्याने बर्थचे जादा पैसेही लागत नाहीत. मात्र प्रत्येकाच्या डोक्याशी एक छोटी आडभिंत आहे आणि एक छोटी खिडकी. अंग उघड्यावर, चेहरा आडोशाला. झोपलेल्या माणसाला लाज वाटते ती चेहऱ्याची, उघड्या तोंडाची, घोरण्याची. तेवढं झाकलं की अनोळखी लोकांत झोप लागू शकते, हे कोणीतरी नेमकं ओळखलं आणि एका फळीत काम भागवलं.

आपल्याकडे हा आडोसा करायचं काम पडदा करायचा. थ्री टायर एसीतही वाटेच्या बाजूला पडदे होते. २८ डिसेंबर २०१३ च्या पहाटे बेंगळुरू-नांदेड एक्स्प्रेसच्या एसी डब्याला आंध्रात आग लागली, २६ माणसं गेली. त्यानंतर थ्री टायरमधले पडदे काढायचा निर्णय झाला. कापड पेट घेतं, धुरात वाट अडवतं. त्या निर्णयाशी भांडण नाही. पण पडदा गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. एकटी प्रवास करणारी कुठलीही मैत्रीण सांगेल, की समोरच्या बर्थवरची नजर चुकवायला तिला रात्रभर भिंतीकडे तोंड करून, ओढणी डोक्यावरून घेऊन पडावं लागतं. साइड अप्परसाठी मुलींची एवढी मारामारी का असते? वर कोणी बघत नाही म्हणून. न पेटणाऱ्या मटेरिअलची, डोक्यापुरती, दीड-दोन फुटांची आडभिंत आपल्या बर्थला बसेल का, हा प्रश्न मुंबईच्या आयडीसीतल्या किंवा पुण्याच्या एखाद्या डिझाइन कॉलेजातल्या कोणाच्या तरी फायनल प्रोजेक्टला सहज पुरेल.

गादी आणि आडोसा मिळाला तरी झोप लागेलच असं नाही, कारण गाडी हलते. यात थोडं पदार्थविज्ञान आहे. डब्याची चाकं दोन टोकांना असतात, म्हणून टोकाच्या बर्थवर आदळआपट जास्त आणि मध्यभागी, पस्तीस-चाळीस नंबरच्या आसपास, कमी. टोकाला शिवाय टॉयलेटचं दार आणि त्याचा वास. एलएचबी डबे आल्यावर गाडी सुटताना-थांबताना बसणाऱ्या धक्क्यांच्या तक्रारी वाढल्या, त्या डबे जोडणाऱ्या कपलिंगमधल्या मोकळ्या फटीमुळे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या अमृत भारत गाड्यांत, ज्या पूर्णपणे विनाएसी आहेत, ही जोडणी बदलून धक्के कमी केले आहेत. स्लीपर आणि जनरलवाल्यांसाठी असा खर्च केलेला बघून बरं वाटतं. सप्टेंबर २०२४ मध्ये वंदे भारत स्लीपरचा पहिला नमुना दाखवला तेव्हा सगळीकडे तिचेच फोटो होते. अमृत भारतच्या कपलिंगचा फोटो कोण टाकणार?

मग उजेड. स्लीपरमध्ये एकाने ट्यूब लावली की आठ जण जागे. पंख्याची गोष्ट वेगळीच. तो अडला तर कंगवा घालून फिरवायचा, हे ज्ञान आपल्याकडे वारशाने येतं. इकॉनॉमी डब्यात प्रत्येक बर्थला स्वतःचा दिवा आणि एसीची स्वतःची झडप दिली आहे, ही त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट. एकाला पांघरूण कमी पडतंय आणि दुसरा घामाने भिजलाय, हे भांडण तिथे सुरूच होत नाही. आवाजासाठी मात्र अजून नियमावरच भिस्त आहे: रात्री १० नंतर मोठ्याने बोलायचं नाही, स्पीकरवर गाणी नाहीत. स्पीकरवर रील बघणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार, हा प्रश्न तुमच्यावर सोडते.

आगीच्या भीतीने आणखी एक गोष्ट झाली. २०२१ पासून रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं धोरण आलं. ते सुरक्षेसाठीच आहे, पण झोपेशी त्याचा संबंध जोडून बघा. पहाटे चारला मिरज किंवा बडनेरा येणार, गजर मोबाइलमध्ये, आणि मोबाइल ९ टक्क्यांवर. अशा वेळी कुणाला झोप लागते? १३९ वर स्टेशन येण्याआधी उठवायची सोय आहे, पण ती मिळते त्याच मरणाऱ्या मोबाइलवर. बॅगेचंही तसंच. सीटखालच्या तारेच्या कडीला साखळी-कुलूप लावलं की मन थोडं शांत होतं. ज्या डब्यात ती कडी तुटलेली असते तिथे माणूस बॅग उशाला घेतो आणि मान अवघडून उठतो. पाठीइतकीच झोपेला खात्री लागते.

खात्रीचा सगळ्यात गंभीर भाग डोक्यावर लटकतो. जून २०२४ मध्ये केरळहून दिल्लीकडे निघालेल्या गाडीत, तेलंगणात, वरचा बर्थ अंगावर पडून खालच्या प्रवाशाचा मृत्यू झाला. बर्थ धड होता, वरच्या प्रवाशाने साखळी नीट अडकवली नव्हती, असा खुलासा रेल्वेने केला. ते खरं धरलं तरी प्रश्न संपत नाही. अर्धवट झोपेत, मंद दिव्यात, अनोळखी माणसाने अडकवलेल्या एका कडीवर खालच्याची मान अवलंबून असेल, तर कडी अशी हवी की ती नीट बसल्याशिवाय बर्थ उघडा राहणारच नाही. आणि बसली की 'खट्' असा आवाज यावा, जो खाली झोपलेल्यालाही ऐकू जाईल. गाडीच्या सीटबेल्टला हे जमतं. गॅसच्या रेग्युलेटरला जमतं.

बाकी छोट्या गोष्टी होत असतात, आणि त्या मला आवडतात. साइड लोअर म्हणजे दोन खुर्च्यांच्या पाठी पाडून केलेला पलंग, त्याच्या मधली फट बरोबर कमरेखाली येते. २०२० च्या अखेरीस त्यावर सरकवायची एक सलग गादी दाखवली गेली. २०२२ मध्ये लखनौ मेलच्या लोअर बर्थला तान्ह्या बाळासाठी दुमडता येणारी छोटी फळी जोडून बघितली. चादर दर फेरीला धुतात, पण ब्लँकेट महिन्यातून निदान एकदा, असं रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं आणि अख्ख्या देशाने एकदम अंग खाजवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये जयपूरहून सुटणाऱ्या एका गाडीत ब्लँकेटला धुता येणारी सांगानेरी छापाची खोळ घालून बघायला सुरुवात झाली. रजईला खोळ घालायची, हे आपल्या आज्यांना कधीचं ठाऊक होतं; पण असो, आली ना!

शिडीचं मात्र कोणी मनावर घेतलेलं दिसत नाही. इकॉनॉमी आणि काही नव्या डब्यांत ती सुधारली आहे, पण बहुतेक स्लीपरमध्ये आजही अप्परवर चढायचं म्हणजे बारीक गोल नळ्यांवर अनवाणी तळवे टेकायचे, एक हात पंख्याच्या जाळीपाशी, दुसरा कुठे ठेवायचा ते आपलं आपण बघायचं. साडी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीच्या बाईला अप्पर आला की सगळा कप्पा तिच्याकडे बघतो आणि मग कोणीतरी विशीतलं उठतं, "मावशी, तुम्ही घ्या खालची."

दिवाळीला घरी जाताना बॅगेत एक मेजरिंग टेप टाका, दहा रुपयांची शिलाईची चालेल. मिडल आणि लोअरमधलं अंतर, शिडीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर, स्वतःची बसलेली उंची, आणि शेजारच्या मावशींनी हरकत घेतली नाही तर त्यांचीही, वहीत लिहून ठेवा. फक्त हे सगळं रात्री दहाच्या आत उरका. मिडलवाला वाट बघत असतो.